बोंद्रे सर टेबलावर आडवे होतात

"पण सर, वाजतंय ना? मग सही का नाही?"

विचारणारा यशोधन कुरणे. कॉम्प्युटर आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या डिग्रीचं शेवटचं वर्ष. आतापर्यंत दरवर्षी पहिला नंबर, त्यामुळे मान जरा मागेच कललेली. बंगळूरची नोकरी ठरलेली. आता प्रोजेक्टवर सरांची सही तेवढी राहिली होती. सही नाही तर तोंडी परीक्षा नाही, परीक्षा नाही तर डिग्री नाही, आणि डिग्री नाही तर बंगळूर नकाशातच बघायचं.

बोंद्रे सर चहात खारी बुडवत होते. खारी तुटून चहात पडली. सर तिच्याकडे फार दुःखाने बघत राहिले.

"सर..."

"दाखव पुन्हा."

प्रोजेक्ट म्हणजे एक पत्र्याची डबी. तिच्यातून निघालेल्या वायरच्या टोकाला तांब्याची पट्टी. यशोधनचे वडील, आण्णा, गावी एकटे. चक्कर येऊन दोनदा पडलेले. ही पट्टी त्यांच्या खाटेच्या पायाला लावायची. पडल्यापडल्या नुसतं बोट टेकलं, की भिंतीपलीकडे तानूमावशीच्या घरात बेल वाजणार. कल्पना झकास. खोटं कशाला बोला?

यशोधनने डावा पंजा डबीवर ठेवला, उजवं बोट पट्टीला टेकवलं.

टर्रर्र!

"बघा! वर्गात वाजली, प्रदर्शनात वाजली. एकदासुद्धा चुकली नाही."

"दुसऱ्या कुणी वाजवली?"

"दुसऱ्या कुणाला मी हात लावू देत नाही, सर. बिघडवतील."

"बरोबर," सर म्हणाले. आणि उठले. चपला काढल्या, चष्मा खिशात घातला, आणि एवढा मोठा विभागप्रमुख माणूस लॅबच्या टेबलावर सरळ आडवा झाला.

यशोधनने आधी दाराकडे बघितलं. कुणी बघत नाही ना!

"सर, काय करताय?"

"मी आण्णा. पट्टी दे इकडे. तू बंगळूरला."

"सर, चेष्टा..."

"बंगळूरला म्हटलं ना? तिकडे खिडकीपाशी जा."

यशोधन गेला. सरांनी डोळे मिटले.

"आई गं... पडलो रे..."

बोट पट्टीला टेकलं.

डबी गप्प.

सरांनी बोट उचललं, पुन्हा टेकलं. पंखा फिरत होता, तेवढाच आवाज.

"यशा..." सर अगदी हळू म्हणाले. आण्णा म्हणत असतील, तसंच.

यशोधन धावला. एका हाताने डबी धरली, दुसऱ्याने पट्टी दाबली. बेल टर्रर्र वाजायला लागली.

"हात काढ," सर डोळे न उघडता म्हणाले. "तू इथे नाहीस."

त्याने हात काढले. पुन्हा सगळं गप्प.

"तुझा डावा हात कुठे असतो रे वाजवताना?"

"डबीवर..." यशोधन म्हणाला. आणि तिथेच थांबला.

पहिल्या नंबराचं डोकं ते, कळायला किती वेळ लागणार? वीज बोटातून शिरत होती आणि त्याच्याच अंगातून डबीत परत येत होती. अर्धं सर्किट डबीत होतं. उरलेलं अर्धं कुरण्यांचा यशोधन होता.

"सर, म्हणजे आण्णा पडले असते, तर..."

सरांना टेबलावर चक्क डुलकी लागली होती. निदान घोरत तरी होते.

यशोधन खाली बसला. डबी उघडली. एक स्क्रू टेबलाखाली गेला, तो शोधताना डोकं आपटलं. हळूहळू मान पुढे झुकली. एका पट्टीशेजारी त्याने दुसरी पट्टी बसवली, मध्ये केसाएवढी फट. आता बोट दोन्हींवर एकदम पडणार. डबी कुणी धरायची गरजच नाही.

पट्ट्या त्याने सरांच्या हाताशी ठेवल्या, आणि सांगितलं नव्हतं तरी खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.

"आण्णा..." तो म्हणाला.

घोरणं थांबलं. सरांचं बोट चाचपडत आलं आणि पट्ट्यांवर टेकलं.

टर्रर्र!

यशोधनने बाहीने डोळे पुसले. सर उठून बसले, चष्मा लावला, फाइल ओढली आणि सही केली. वर त्याच्या केसांत अडकलेलं टेबलाखालचं जळमट काढलं.

"सर, आता मी निर्धास्त जाऊ ना?"

"निर्धास्त आण्णांना राहू दे. तू कशाला होतोस?"