थंडाई आणि उपास

एका पेठेत एक जुनी तालीम होती. तिथली माती कुस्तीची, पण पोरांना वेड फुटबॉलचं. त्यात इंद्रजित नावाचा दहावीतला पोरगा पुढच्या फळीत खेळायचा. अंगानं जरा गुबगुबीत, पण चेंडू पायाला लागला की सुटलाच! पेठांच्या फुटबॉल स्पर्धेच्या अंतिम सामन्यात आपण खेळायचंच, एवढं एकच त्याच्या मनात होतं.

तालमीत नवे प्रशिक्षक आले, निंबाळकर सर. त्यांनी एक यंत्र आणलं. वर उभं राहिलं की अंगात चरबी किती, मांस किती ते कळायचं. इंद्रजितला सर म्हणाले, "चरबी जास्त आहे. थोडी उतरव."

"हो सर," इंद्रजित म्हणाला. कशी उतरवायची, ते काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे तालमीत कुस्ती शिकवणाऱ्या सर्जाप्पा वस्तादांनी त्याला धरलं. "मांडी भर लेका! पोकळ मांडीनं चेंडूला दणका बसतोय व्हय? दूध-बदामाची थंडाई पीत जा."

"हो वस्ताद," तो म्हणाला.

झालं! बिचाऱ्याला कळेना, खरं कुणाचं? सर शिकलेले, वस्तादांनी तर त्याच्या बापालाही घडवलेलं. कुणाला नाही म्हणायचं? मग त्यानं दोघांचंही ऐकायचं ठरवलं. पहाटे तांब्याभर गोड थंडाई, आणि दिवसभर कडकडीत उपास. आई भाकरी घेऊन मागं लागली की म्हणायचा, "सरांनी सांगितलंय." वजन भराभर उतरलं. गडी खूश. पण जिना चढताना पाय का थरथरतात, हे त्याला उमगेना.

संघ निवडायचा सराव सामना आला. गोल समोर मोकळा होता. इंद्रजितनं पाय उचलला, चेंडू कसाबसा घरंगळला आणि गोलरक्षकानं तो वाकून उचलला. पोरं हसली. त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

सरांनी त्याला पुन्हा यंत्रावर उभं केलं. "अरे, चरबी आहे तिथंच आहे! उतरलं ते मांडीचं मांस. उपास केलास की काय?"

"कसला उपास?" शेजारी उभे असलेले वस्ताद गरजले. "रोज थंडाई पितोय त्यो!"

"कसली थंडाई?" सर म्हणाले.

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं, मग इंद्रजितकडं. त्यानं मान खाली घालून सगळं सांगितलं.

"आरं खुळ्या," वस्ताद हळू आवाजात म्हणाले, "रोज संध्याकाळी आम्ही दोघं एकाच बाकावर बसतोय. एकदा दोघांसमोर विचारायचं न्हाईस व्हय?"

अंतिम सामन्यात त्याची जागा दुसऱ्याला गेली. इंद्रजित बाहेर सर आणि वस्ताद यांच्या मधे बसला. मध्यंतराला धीर करून त्यानं विचारलं, "मी नेमकं खाऊ तरी काय?"

दोघांनी एकदमच तोंड उघडलं. मग वस्ताद थांबले आणि म्हणाले, "सर, आधी तुम्ही सांगा. मीबी ऐकतो."

तात्पर्य: मनात गोंधळ ठेवून सगळ्यांना हो म्हणणं म्हणजे मान देणं नव्हे, न कळलेलं वेळेवर विचारावं, नाहीतर चांगल्या सल्ल्यानंही घात होतो.