डॉक्टरांचा पहारा

मिरजेतल्या एका मोठ्या इस्पितळात डॉ. धामणकर म्हणजे क्ष-किरण विभागाचे सर्वेसर्वा. सगळ्या रुग्णांचे स्कॅन ज्या स्टोरेजमध्ये साठवले होते, ते आता म्हातारं झालं होतं. सगळा डेटा नव्या स्टोरेजमध्ये हलवायला शिरीन पटवेगार ही इंजिनियर आली.

डॉक्टरांनी तिला आल्या आल्या दरडावलं. "इथे ऑपरेशनं चालू असतात. काम क्षणभरही थांबता कामा नये. मी स्वतः स्क्रीनसमोर बसतो. एक स्कॅन जरी अडला, तर तुमचं मशीन गेटबाहेर."

"बसा, डॉक्टर," शिरीन म्हणाली.

डॉक्टर हट्टाने बसले. जेवणही तिथेच मागवलं. अवजडातले अवजड स्कॅन शोधून शोधून उघडले, पण एकही अडेना. संध्याकाळी ते मिशीतल्या मिशीत हसले. "दिवसभर नुसत्या बसून होतात, मॅडम. सुरुवात करायची हिंमत झाली नाही ना?"

शिरीन त्यांना शेजारच्या खोलीत घेऊन गेली आणि तिने जुन्या स्टोरेजची वायर सरळ उपटली. पंखे घरघरत थांबले. डॉक्टर धावत स्क्रीनकडे परतले, तर तिथे मघाशी उघडलेल्या स्कॅनमधलं हृदय तसंच धडधडत होतं. त्यांनी पुढचा स्कॅन उघडला, मग त्याच्या पुढचा. सगळे जागच्या जागी.

जन्मभर माणसांच्या आत डोकावलेले डॉक्टर स्क्रीनकडे लहान मुलासारखे बघत राहिले.

"हलवलं कधी?" त्यांनी हळूच विचारलं.

"दुपारपासून तुम्ही नव्यातूनच बघताय, डॉक्टर. पहारा तुमचाच होता."