टिटवी आणि बिनआवाजाची गाडी

रस्त्यांना अजून पेट्रोलचा वास यायचा, त्या काळातली गोष्ट. एका उंच पठारावर टिटवीने गाडीवाटेतच, खड्यांमध्ये चार अंडी घातली होती. तिला भीती नव्हती असं नाही. भीती तिला वाऱ्याचीही वाटे. पण मोटरसायकल दोन डोंगर पलीकडून ऐकू यायची, आणि तोवर ही किंचाळून स्वाराला वाट बदलायला लावायची.

एका सकाळी मात्र जाड चाकांची एक मोटरसायकल जराही न वाजता थेट समोर आली. टिटवी इतकी दचकली की ओरडायचंच विसरली. पुढचं चाक अंड्यांपासून वीतभरावर थांबलं.

"उपकार झाले गं बाई! वेळेवर पाहिलंस," टिटवी म्हणाली.

"पाहिलं कुठे?" गाडी ओशाळली. "बॅटरी संपली. मी विजेवर चालते. शोरूममध्ये दोनशे किलोमीटर सांगितले होते, त्यात घाटाचा चढ कुणी धरलाच नव्हता. आता मला कोण घेणार?"

"असं कसं? मी सांगते ना सगळ्यांना!"

गाडीवरच्या स्वाराने पठारभर चार्जिंगचा प्लग शोधला आणि शेवटी गाडी ढकलत खाली नेली.

टिटवीने शब्द पाळला. चंडोलापासून घोरपडीपर्यंत सगळ्यांना तिने बजावलं, की घ्यायची तर हीच गाडी घ्या. सगळ्यांना पटलंही. लायसन्स तेवढं कुणाकडे नव्हतं.

पुढच्या वर्षी तिने अंडी मात्र वाटेपासून पुष्कळ लांब घातली. बॅटऱ्या सुधारताहेत, असं तिच्या कानावर आलं होतं.