देवाला न दिसलेली शलू

बाभळीच्या फुलांनी जिथल्या पायवाटासुद्धा सोनेरी होतात, अशा एका गावात शलोमी नावाची मुलगी राहायची. एवढं भारदस्त नाव एवढ्याशा पोरीला झेपेना, म्हणून सगळे तिला शलू म्हणायचे. शलूला वडील नव्हते. आई लोकांच्या शेतात खुरपायला जायची, आणि काम नसेल त्या दिवशी चूलही गप्प बसायची. तरी शलू आपल्या अर्ध्या भाकरीतला मोठा तुकडा धाकट्या बहिणीला द्यायची आणि वर सांगायची, माझं पोट भरलंय. आता असल्या थापेवर कोण रागावणार?

गावात ख्रिस्ती मंडळींचं इवलंसं पांढरंशुभ्र देऊळ होतं. ते झाडणं, घंटा वाजवणं आणि मागच्या बागेला पाणी घालणं ही कामं याकोबआजोबा करायचे. आजोबांचं या जगात एकच माणूस होतं, आणि तेही शेळी होतं. तिचं नाव चिंगी. तिचे कान गुळाच्या रंगाचे होते. आजोबा रोज संध्याकाळी तिचं अर्धा पेला दूध शलूला प्यायला द्यायचे.

त्या रविवारी सुगीचा सण होता. नव्या पिकातला पहिला वाटा देवापुढे मांडला होता. पिवळाधमक भोपळा, जांभळी चिमुकली वांगी, बाजरीची हिरवट कणसं, आणि मधोमध डोळे उघडलेलं एक टपोरं सीताफळ! सकाळी आजोबांना मदत म्हणून देवळात झाडू मारता मारता शलू त्याच्यापाशी थांबली. आदल्या दुपारपासून तिच्या पोटात काही नव्हतं. तिने नुसता वास घ्यायचं ठरवलं. मग नुसता एक डोळा चाखायचं ठरवलं. मग पाहते तर हातात साल उरलेली.

घाबरून तिने ती खिडकीतून भिरकावली. खाली चिंगी उभीच होती. मंडळी जमली तेव्हा चिंगी सीताफळाची साल मजेत चघळत होती.

देवळाचे पंच बार्नबस अण्णा लालबुंद झाले. देवाचा वाटा शेरडानं खाल्ला म्हणजे काय? मागच्याच रविवारी पाळकसाहेबांनी प्रवचनात सांगितलं होतं की, निवाड्याच्या दिवशी देव मेंढरांना उजवीकडे आणि शेरडांना डावीकडे उभं करील, आणि डावीकडच्यांना दूर घालवून देईल. ते माणसांबद्दल होतं, पण अण्णांना तेवढी सवड नव्हती. त्यांनी हुकूम सोडला की घंटा व्हायच्या आत हे शेरडू बाजारात गेलं पाहिजे. बाजाराला निघालेला एक जनावरांचा व्यापारी फाटकाशी उभाच होता. आजोबा नुसते चिंगीचे कान खाजवत राहिले.

शलूने हे सगळं ऐकलं. आपण खरं सांगितलं तर आजच देवाला कळेल, आणि त्या दिवशी तो आपल्याला डावीकडे उभं करील. आई उजवीकडे आणि आपण डावीकडे! ती बागेत पळाली आणि जुईच्या मांडवाखाली अंग चोरून बसली.

तेवढ्यात एक कळी टपकन उमलली. आत एक पिटुकली परी होती. तिचे पंख मोरपंखी होते, आणि ते हलले की चांदीची भुकटी उडायची.

“उन्हाळाभर तू स्वतःचं प्यायचं पाणी या वेलाला घातलंस,” परी म्हणाली. “म्हणून एक इच्छा तुझी. पण नियम ऐक. जे मागशील ते पुरतं मिळेल, अर्धंमुर्धं नाही. ते परत करायचं असेल, तर घंटा व्हायच्या आत चारचौघांत स्वतःचं नाव घ्यायचं. घंटा झाली की ते कायमचं.”

“मी देवाला दिसू नये,” शलू म्हणाली.

परीचे पंख एकदम फिके पडले. जो तुझी चूक बघणार नाही, त्याला तुझी भूकही दिसणार नाही, असं तिने समजावून पाहिलं. पण भ्यालेल्या माणसाला समजावणं फार अवघड असतं. शलूने मान हलवली आणि इच्छा पुरी झाली.

आधी तिच्या पाठीवरचं कोवळं ऊन गेलं. बाकीच्या बागेत ते तसंच होतं, फक्त तिच्यावर नव्हतं. मग जुईचा वास गेला. शलू थंडीने कुडकुडत देवळाच्या दाराशी आली. आत आई डोळे मिटून प्रार्थना करत होती. तिने रोजच्यासारखंच आधी धाकटीचं नाव घेतलं. मग अडखळली. कपाळाला आठ्या घालून आठवू लागली.

“देवा, आणिक कोन राह्यलं रं माझं?” आई पुटपुटली. तिला काही आठवेना.

तिकडे आजोबांनी चिंगीला व्यापाऱ्याच्या हवाली केलं आणि ते जड पावलांनी घंटेकडे निघाले. चिंगी मागे वळून वळून ओरडत होती.

शलू धावत वेलापाशी गेली. “मला परत दिसायचंय,” ती रडत म्हणाली, “पण निवाड्याची फार भीती वाटते.”

“तुझी आई ज्वारी निवडते ना? ती ज्वारीवर रागावलेली असते का?”

“नाही. खडे काढायला निवडते. दाणे आम्हाला हवे असतात म्हणून.”

“मग निवाडा दुसरा काय असतो, वेडाबाई? ज्याला दाणा हवा असतो तोच निवडत बसतो. पण दाणा सुपातच आला नाही तर?”

“खडा काढताना दुखेल?”

“दुखेल,” परी म्हणाली. ती खोटं बोलणारी परी नव्हती. “भीती वाटली तर वाटू दे. पण पळू नकोस.”

आजोबांनी घंटेचा दोर हातात घेतला होता. शलू सगळ्यांच्या मधून धावत वेदीपुढे जाऊन उभी राहिली.

“मी शलोमी,” ती म्हणाली. “सीताफळ मी खाल्लं. चिंगीनं नाही.”

शलूने डोळे गच्च मिटले आणि आभाळ कोसळायची वाट पाहिली. पण तिच्या पाठीवर हळूहळू ऊन आलं. मऊ, उबदार, केशरी ऊन. आणि आई हुंदका देऊन म्हणाली, “शलू. माझी शलू गं.”

याकोबआजोबा दोर सोडून जवळ आले. त्यांनी एवढंच विचारलं, “भूक लागली व्हती व्हय, पोरी?”

शलू तेव्हा रडली. लोकांनी आणलेलं पीक तिथेच मांडलेलं होतं, आणि या उपाशी पोरीसमोर कुणालाच आता त्याच्याकडे बघवेना. पाळकसाहेबांनी स्वतः जाऊन चिंगीला सोडवून आणलं. मग ते म्हणाले की देवाचा वाटा आज आधी उपाशी घरांत जाईल, आणि पुढच्या सुगीलाही. तसंच झालं, आणि शलूच्या घरची चूल पुन्हा कधी गप्प बसली नाही.

फक्त बार्नबस अण्णा कुठे दिसेनात. शलूने शोधलं, तर ते बागेत एकटेच बसले होते. मुक्या जनावराचा खोटा निवाडा केला म्हणून त्यांना मान वर करवत नव्हती. शलू घाबरत घाबरत त्यांच्याशेजारी टेकली.

अण्णांनी खालच्या आवाजात विचारलं, “समद्यांम्होरं बोलताना लई भ्या वाटलं का गं?”

“लई,” शलू म्हणाली.

“अन् आता?”

शलूने जरा विचार केला. “आता नुसती भूक लागलीय.”

अण्णांनी धोतराने डोळे पुसले. मग फडक्यातली आपली भाकरी काढली, मोडली, आणि मोठा तुकडा तिच्या हातात ठेवला. त्याच वेळी जुईचा मांडव लख्ख उजळला, पानापानावर सोनेरी, गुलाबी ठिणग्या नाचल्या, आणि त्या प्रकाशात परी विरून गेली. शलूचं तिकडे लक्षच नव्हतं. ती जेवत होती.