धुरपाच्या हद्दपारीचा कागद

"तीन दिवसांत राहण्याचा परवाना दाखव, नाहीतर राज्य सोड," असं शिपाई धुरपाला बजावून गेला, तेव्हा तिची लेक गोदा पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली होती आणि तिचे दिवस भरत आले होते.

धुरपा पाथरवटीण होती. नदीपलीकडच्या मुलखातून नवऱ्याबरोबर कण्हेरगडला आली, नवरा वारला, ती तिथेच राहिली. बारा वर्षं ती गावातल्या गुळगुळीत झालेल्या जात्यांना छिन्नीनं टाकी लावत होती. यंदा मात्र राजा मार्तंडसिंहानं फर्मान काढलं: परमुलखातल्या माणसानं परवान्याशिवाय इथे राहायचं नाही.

धुरपा कचेरीत गेली. तिथे विसाजीपंत कारकून दोन बैठका मांडून एकटेच काम बघत. उजव्या बैठकीवर परवाने, डाव्या बैठकीवर रहिवासाचे दाखले.

"पंत, मला परवाना द्या."

"देतो की. आधी रहिवासाचा दाखला आण. नाव, ठिकाण, किती वर्षं राहतेस ते, आणि खाली सरकारी शिक्का."

"दाखला कोण देतं?"

"मीच." पंत उठले आणि डाव्या बैठकीवर जाऊन बसले. "बोल, काय काम काढलंस?"

"रहिवासाचा दाखला पाहिजे."

"परवाना आहे?"

"तो दाखल्याशिवाय मिळत नाही, असं आत्ता तुम्हीच म्हणालात."

"ते मी तिकडे म्हणालो," पंत शांतपणे म्हणाले. "इकडचा नियम निराळा."

दोन दिवस तिनं कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या. तिसऱ्या दिवशी ती थेट दरबारात उभी राहिली. विसाजीपंतही दौत-लेखणी घेऊन तिथे बसलेले होते. राजानं तिचं सगळं ऐकून घेतलं.

"हे नियम मी स्वतः केलेत," तो म्हणाला. "त्यांतलं एक अक्षर बदलणार नाही. कागद असेल तर राहा, नसेल तर चालू लाग."

धुरपाच्या डोळ्यांपुढे गोदा आली. अवघडलेल्या लेकीला कुणाच्या हवाली करायचं? मग तिनं पदर सावरला.

"जाते, महाराज. पण मीही नियमानंच जाईन. मला हद्दपारीचा हुकूम लेखी द्या. नाक्यावरच्या शिपायानं विचारलं, तू कोण, कुठून निघालीस, तर मी काय दाखवू?"

राजा खूश झाला. "बघा. परमुलखातली बाई, पण हिला कागदाची किंमत कळते. लिहा पंत."

"नीट लिहा बरं का," धुरपा म्हणाली. "गावात चार धुरपा आहेत. भलतीलाच धरून नेतील."

"पुरता ठावठिकाणा घाला," राजानं फर्मावलं.

पंतांनी लिहिलं आणि वाचून दाखवलं: "कण्हेरगडातील कुंभारआळीत, बारवेशेजारच्या घरात, गेली बारा वर्षे राहणारी धुरपा पाथरवटीण, हिच्याकडे परवाना नसल्याकारणाने तिला हद्दपार करण्यात येत आहे."

राजानं शिक्का उठवला. धुरपानं कागद दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि तसाच पंतांच्या पुढ्यात ठेवला.

"पंत, आता परवाना द्या. हा घ्या रहिवासाचा दाखला."

दरबारात कुजबुज झाली. "अगं, हा हद्दपारीचा हुकूम आहे," राजा म्हणाला.

"होय, महाराज. पण मी इथे राहतच नसेन, तर मला घालवता कुठून? आणि राहते, असं तर तुम्ही शिक्क्यानिशी लिहून दिलंत."

पंतांनी कागद उलटसुलट पाहिला. "नाव आहे, ठिकाण आहे, वर्षं आहेत," ते चाचरत म्हणाले. "शिक्काही आपलाच आहे, महाराज."

"आणि हद्दपारीचं काय?" राजानं भुवई चढवली.

"हद्दपारी परवाना नाही म्हणून आहे ना?" धुरपा म्हणाली. "पंतांनी परवाना दिला की तिचं कारणच उरत नाही. तुमच्या नियमातलं एक अक्षरही बदलायला नको."

राजानं चेहरा गंभीर ठेवायची शिकस्त केली, पण ते जमलं नाही. तो इतका हसला की त्याला पगडी हातानं धरावी लागली. धुरपाला जन्मभराचा परवाना मिळाला, जरीकाठी लुगडं मिळालं आणि राजवाड्यातल्या बावीस जात्यांचं कामही मिळालं. त्यानंतर चौथ्या दिवशी गोदा सुखरूप बाळंत झाली.

पंत मात्र दरबाराच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी कचेरीत आले आणि दारातच थबकले. परमुलखातल्या माणसांची रांग थेट वेशीपर्यंत गेली होती, आणि प्रत्येकाला हद्दपारीचा हुकूम हवा होता.