झावळ्या कुणासाठी?

लांबच्या महासागरात, नकाशावर माशी बसली तर झाकून जाईल एवढा एक देश होता. देश म्हणजे एकच बेट. त्याला एक प्रमुख होता, एक सभा होती आणि सभेला बसायला एक लांबलचक चटई होती. सगळे प्रमुखाच्या बाजूला बसत. समोर बसायची तिथे पद्धतच नव्हती.

प्रमुख काही दुष्ट नव्हता. पण वर्षानुवर्षं कुणी 'का?' असं विचारलं नाही की माणसाचं जे होतं, ते त्याचंही झालं होतं. महिन्याकाठी जहाज येई. त्यातले तांदूळ आणि रॉकेल आधी त्याच्या मेव्हण्यांच्या घरी जाई, उरलंसुरलं गावाला मिळे. लोक कुरकुरत, पण आपापल्या चुलीपाशी.

त्या बेटावर मानोआ नावाचा एक होड्या बांधणारा राहत होता. एका सभेत तो उठला आणि चटईच्या रिकाम्या बाजूला जाऊन बसला. "जहाजाचा माल वाळूवर, सगळ्यांदेखत वाटा," एवढंच म्हणाला. मग एक जण उठून त्याच्या शेजारी येऊन बसला, मग आणखी दोघीजणी आल्या. असा त्या देशातला पहिला विरोधी पक्ष निघाला. त्याचं नाव ठेवलं 'नवं वल्हं'.

पुढच्या जहाजाचा माल खरोखरच वाळूवर वाटला गेला. मानोआ बोलतो ते खरं असतं, असं लोक म्हणू लागले. इथपर्यंत त्याचं काही म्हणजे काही चुकलं नव्हतं, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

पण नाही म्हणायचीही सवय लागते. प्रमुखाने विहिरीला कठडा बांधू म्हटलं, नवं वल्हं म्हणालं, नको. प्रमुखाने शाळेचं छप्पर शाकारू म्हटलं, नवं वल्हं म्हणालं, आधी धक्का बांधा. लोकांनाही गंमत वाटू लागली. प्रमुखाने तोंड उघडलं की लोक ऐकायच्या आधीच हसत.

आता त्या बेटाची एक रीत. किनाऱ्यासमोर पोवळ्याचा लांब खडक होता आणि सगळं बेट त्याच्यावर जगत होतं. मासे अंड्यांवर आले की प्रमुख खडकात काठ्या रोवी आणि त्यांना नारळाच्या झावळ्या बांधी. झावळ्या दिसल्या की तिकडे जाळं न्यायचं नाही, गळ टाकायचा नाही. पिल्लं वाढली की झावळ्या सोडायच्या, मग बेटभर मेजवानी.

त्या वर्षी झावळ्या सोडायचा दिवस आला आणि प्रमुख म्हणाला, "इतक्यात नको. यंदा पाणी तापलंय, पिल्लं वाढलेली नाहीत. पुढच्या पावसापर्यंत खडक बंदच राहू द्या."

लोक अळूचे कांदे आणि खोबरं खाऊन विटले होते. त्यात प्रमुखपदाची निवडणूक तोंडावर आलेली. पक्षाची मंडळी मानोआच्या अंगणात, अर्धवट बांधलेल्या होडीभोवती जमली.

"आत्ता आपण प्रमुखाला हो म्हटलं, तर आपला पक्ष हवाच कशाला?" एक जण म्हणाला.

मानोआ होडीची फळी तासत राहिला. सकाळी ओहोटीला तो आणि त्याची बायको लितिया खडकापाशी जाऊन आले होते. लितियाचा सगळा जन्म खेकडे आणि शिंपल्या वेचण्यात गेलेला. तिने पाण्यात बोट दाखवलं होतं. पिल्लं तिच्या करंगळीहून मोठी नव्हती.

मंडळी गेल्यावर तिने विचारलं, "उद्या सभेत काय सांगणार आहेस?"

"या प्रमुखाने इतकी वर्षं आपलीच माणसं पोसली, हे तुला ठाऊक आहे."

"ते ठाऊक आहे. मी पिल्लांचं विचारतेय."

"एवढी निवडणूक होऊ दे," मानोआ म्हणाला. "मग मी स्वतःच्या हाताने झावळ्या बांधीन."

लितिया शिंपल्यांची टोपली उचलून आत गेली. त्याला वाटलं, तिला पटलं.

दुसऱ्या दिवशी तो सभेत उभा राहिला. "प्रमुख खोटं बोलतात, असं मी म्हणत नाही," तो शांतपणे म्हणाला. "मी फक्त विचारतो, या झावळ्या कुणासाठी राखल्यात?" आणि खाली बसला.

बाकीचं लोकांनी पुरं केलं. संध्याकाळपर्यंत प्रमुखाचे मेव्हणे खडकावर चोरून जाळी टाकतात, असं निम्म्या बेटाने म्हणे डोळ्यांनी पाहिलं होतं. प्रमुख बिचारा दारोदार जाऊन पिल्लांचं सांगत होता. आयुष्यातली सगळ्यात खरी गोष्ट तो त्या दिवशी सांगत होता आणि लोक त्याच्या तोंडावर हसत होते.

निवडणूक नव्या वल्ह्याने जिंकली, मानोआ प्रमुख झाला. त्याच दुपारी झावळ्या सुटल्या. लोकांनी मानोआला खांद्यावर घेऊन नाचवलं. किनाऱ्यावर मासे भाजले जात होते, पोरंबाळं पोटभर जेवत होती आणि हे सगळं आपल्यामुळे झालं, असं त्या चार दिवसांत त्यालाही वाटलं.

मग मासे कमी झाले. लोकांनी बारीक जाळी आणली. त्यांत पिल्लं येऊ लागली. मानोआने घाईघाईने खडकावर झावळ्या बांधल्या. सकाळी पाहतो तो सगळ्या सोडून टाकलेल्या. त्याने पुन्हा बांधल्या. या वेळी लोकांनी त्याच्यादेखत सोडल्या आणि विचारलं, "कुणासाठी राखतोस?"

तेव्हा तो जुन्या प्रमुखाच्या दारी गेला. म्हातारा फाटकं जाळं विणत बसला होता.

"त्या दिवशी तुमचं खरं होतं," मानोआ म्हणाला. "आणि मला ते माहीत होतं."

म्हाताऱ्याने जाळं बाजूला ठेवलं. "मेव्हण्यांना तांदूळ दिले, ते माझं चुकलंच. तू जाब विचारलास, बरं केलंस. पण मग माझा खरा शब्दही तू मारलास. आता तो तुझ्या कामाला कुठून येणार?" मग तो उठला. "तरी चल, येतो."

दोघं सभेत शेजारी शेजारी उभे राहिले. खडक अजून वाचेल, दोघांनी सांगितलं. पोटाला चिमटा घ्या, पण वर्षभर तिकडे जाऊ नका, म्हणून हात जोडले.

एक म्हातारी मानोआला म्हणाली, "याचं ऐकू नका, असं तूच शिकवलंस, बाबा. आम्ही शिकलो. आता म्हणतोस, याचं ऐका. तुझं कोणत्या वेळचं खरं धरायचं?"

"दोघांनी आतून काहीतरी ठरवलंय," मागून कुणीतरी म्हणालं, आणि तेच सगळ्यांना पटलं. लोक उठले, जाळी घेऊन खडकाकडे गेले.

चारी बाजूंनी समुद्र असलेल्या त्या बेटावर आता मासे जहाजातून येतात, पत्र्याच्या डब्यांत. खडकावर नुसतं शेवाळ आहे. मानोआ डबा फोडतो, लितिया भातावर वाढते, आणि दोघं जेवतात. ती त्याला कधी बोल लावत नाही. लावला असता तर बरं झालं असतं, असं त्याला फार वाटतं.

तात्पर्य: चुकणाऱ्याला जाब जरूर विचारावा, पण तो बरोबर असेल तेव्हा तसं म्हणायचं धैर्यही ठेवावं. दुसऱ्याच्या खऱ्या शब्दाची किंमत घालवणाऱ्याला, पुढे स्वतःच्या खऱ्या शब्दाला गिऱ्हाईक मिळत नाही.