साळुंकीने अर्धाच म्हटलेला निकाल

ओढ्याकाठच्या एका रानात एक सांबरीण राहत असे. तिच्याआधी रानातले तंटे एक म्हातारा गवा सोडवी. तो गेला, तेव्हा सगळ्यांनी मिळून सांबरिणीला जांभळीखाली, त्याच्या जागी बसवले. मुलांनो, त्या रानाची एक रीत होती. एकदा एका भांडणात जो निकाल लागला, तोच पुढे तशा भांडणात लावायचा. सशाला एक न्याय आणि रानडुकराला दुसरा, असे व्हायला नको ना! हे निकाल एक साळुंकी पाठ करून ठेवी.

सांबरिणीपुढे पहिलेच भांडण आले ते मोठे अवघड. एक मुंगसीण ओढ्यापलीकडे अंडी शोधायला गेली होती. डोंगरात पाऊस झाला, ओढ्याला लोंढा आला आणि ती पाच दिवस तिकडेच अडकली. परतून पाहते, तर ओढ्याकाठच्या तिच्या बिळात घोरपड ऐसपैस पसरलेली! बिचारीचे दिवस भरत आले होते. आज-उद्या पिल्ले होणार, आणि आडोसा म्हणून कुठे नाही.

"ताई, माझं घर मला मिळवून द्या," ती रडकुंडीला येऊन म्हणाली.

"मी काय चोरी केली?" घोरपड म्हणाली. "माझी कपार त्याच पुरात ढासळली. तरी मी बाहेर बसून तीन दिवस मोजले आणि मगच आत शिरले. विचारा साळुंकीला."

साळुंकी टुणकन पुढे आली. "तीन दिवस रिकामं राहिलेलं बीळ, येईल त्याचं!"

"आग लागो त्या निकालाला!" मुंगसीण ओरडली. "टाकून द्या तो!"

"टाका की," घोरपड शांतपणे म्हणाली. "मग खवलेमांजराला बोलवा. बीळ मुळात त्याचं. तुला ते याच निकालानं मिळालंय."

सांबरिणीचा जीव कळवळला. "जा, घर तुझं," असे म्हणून मोकळे व्हावे, असे तिला दहादा वाटले. पण आज तिने दयेपोटी निकाल मोडला, तर उद्या दुसरा कुणी रागापोटी मोडेल. आणि याच निकालाच्या भरवशावर रानात कितीतरी जण आपापल्या बिळात निर्धास्त राहत होते. ती खूर घासत विचार करू लागली. मग तिला म्हातारा गवा आठवला. त्याला एका वाक्यात बोलणे कधी जमले नव्हते. साधे पाणी कुठे आहे विचारले, तरी तो दुपार घालवी.

"साळुंके, निकाल एवढाच होता?"

"छे हो, चांगला लांबलचक आहे. पण शेवटची ओळ ऐकली की सगळे उठून जातात. म्हणून मी तेवढीच म्हणते."

"आज कुणी उठायचं नाही. पहिल्यापासून म्हण."

साळुंकीने पंख झटकले आणि डोळे मिटून सुरुवात केली. "खवलेमांजर पलीकडच्या टेकडीवर राहायला गेलं. तिथं त्यानं नवं बीळ खणलं. तिथून इथं यायला एक दिवस पुरतो, वाट मोकळी होती, तरी ते तीन दिवस फिरकलं नाही. वाट मोकळी असून जो येत नाही, त्यानं घर सोडलं असंच समजायचं. म्हणून तीन दिवस रिकामं राहिलेलं बीळ, येईल त्याचं."

सांबरीण घोरपडीकडे वळली. "तू तीन दिवस ओढ्याकाठीच होतीस. ही पलीकडून हाका मारत होती का?"

घोरपडीने मान खाली घातली. "मारत होती. रोज. पण निकालात हाकांचं काही नव्हतं."

"हाकांचं नव्हतं, पण मोकळ्या वाटेचं होतं. ते आपण कधी ऐकलंच नाही," सांबरीण म्हणाली. "गव्याचा निकाल खरा आहे आणि तो तसाच राहील. पण तो घर सोडणाऱ्यासाठी आहे, घराकडे येऊ न शकणाऱ्यासाठी नाही. बीळ मुंगसिणीचं. आणि घोरपडबाई, तू खरं बोललीस, याचं मला फार बरं वाटलं. या जांभळीच्या मुळाशी एक पोकळी आहे, ती बघ."

तिसऱ्या दिवशी बिळातून पिल्लांची चूंचूं ऐकू आली. इकडे साळुंकी नवा निकाल घोकत बसली होती. त्यात लोंढा होता, पाच दिवस होते, रोजच्या हाका होत्या.

"ताई, फारच लांब झालाय हो," ती कुरकुरली. "ऐकणाऱ्याला कंटाळा आला तर?"

"ज्याचं घर जात असेल, त्याला येणार नाही," सांबरीण म्हणाली. "पुन्हा म्हण. पहिल्यापासून."

तात्पर्य : जुना निकाल मोडू नये, पण त्याची नुसती शेवटची ओळ धरूनही चालू नये, तो कोणासाठी आणि का दिला होता, हे आधी पूर्ण ऐकून घ्यावे.